वास आला की आधी घड्याळ बघा

पेट्रोकेमिकल कारखाना आणि त्याच्या कुंपणापलीकडे राहणारी माणसं यांचं बोलणं जगात कुठेही गेलात तरी एकाच जागी अडतं. रात्री दोन वाजता घरात उग्र वास भरतो, डोळे चुरचुरतात, मुलं खोकत उठतात. सकाळी कोणीतरी कारखान्यात फोन लावतं आणि उत्तर येतं, "आमच्या मॉनिटरवर काहीच दिसत नाही." इकडच्यांना वाटतं, हे धडधडीत खोटं बोलताहेत. तिकडच्यांना वाटतं, लोकांना तक्रारीची सवयच लागली आहे. पुष्कळदा दोघंही खरं बोलत असतात. मॉनिटर, म्हणजे हवा मोजणारं यंत्र, कुंपणाच्या पूर्व टोकाला असतो आणि त्या रात्री वारा सगळं पश्चिमेकडे घेऊन जात असतो. किंवा मॉनिटर सल्फर डायऑक्साइड मोजतो आणि गळती असते स्टायरीन या दुसऱ्याच रसायनाची. किंवा अहवालात चोवीस तासांची सरासरी छापलेली असते आणि वास आलेला असतो फक्त चाळीस मिनिटं.

ही कोंडी फोडायला रहिवाशांच्या हातात एक गोष्ट नक्की असते, ती म्हणजे नोंद. कोणता वास, किती वाजता, कुठे, वारा कुठून. उपकरणं, प्रयोगशाळा, वकील हे सगळं नंतर येतं आणि त्या नोंदीवरच उभं राहतं.

आधी नाकाबद्दल, कारण सगळा भरवसा आपण त्याच्यावर टाकतो. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजलेल्या अंड्यांचा वास, बहुतेकांना एक पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) कितीतरी खालीही कळतो. अशा वेळी नाक उत्तम उपकरण आहे. पण तोच वायू १०० पीपीएमच्या आसपास पोचला की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वस्तीत इतकं प्रमाण क्वचित होतं, तरी गटाराच्या चेंबरजवळ किंवा खड्ड्यात वास "अचानक गेला" तर हवा साफ झाली असं समजू नये, लगेच तिथून बाहेर पडावं. बेन्झीनचं उलटं आहे. हवेत साधारण दीड पीपीएम, म्हणजे १,५०० पीपीबी (अब्ज भागांत इतके भाग) झाल्याशिवाय ते नाकाला कळत नाही. युरोपची आणि भारताची बेन्झीनसाठीची वार्षिक मर्यादा आहे घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे जेमतेम १.६ पीपीबी. युरोप २०३०पासून ती ३.४ मायक्रोग्रॅमवर आणणार आहे. म्हणजे बेन्झीनचा वास येऊ लागेपर्यंत आपण वर्षाच्या मर्यादेच्या जवळजवळ हजारपटीवर पोचलेले असतो. इथिलीन ऑक्साइड तर शेकडो पीपीएमला जाऊन वास देतं. बेन्झीन, १,३-ब्युटाडाईन, व्हिनाइल क्लोराइड आणि इथिलीन ऑक्साइड ही चारही रसायनं माणसात कर्करोग घडवणारी म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहेत.

तेव्हा वास येणं म्हणजे विषबाधा नव्हे आणि वास न येणं म्हणजे सुरक्षितता नव्हे. वास आपल्याला एवढंच सांगतो की काहीतरी बाहेर पडलं आहे आणि ते आपल्यापर्यंत पोचलं आहे. तेवढ्यावरूनही खूप काम होतं.

आता वही. शिवलेली वही घ्या, सुट्टे कागद नकोत आणि पेन्सिल नको. पान फाडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून पुढे लिहायचं. हे बारीक वाटतं, पण वही उद्या कोणापुढे ठेवली तर पहिली शंका "नंतर लिहिलंय का" हीच येते. एक नोंद साधारण अशी दिसावी:

"१४ जानेवारी. रात्री २:१० ते २:५५. मागची खोली, दुसरा मजला, खिडकी उघडी. वास थिनरसारखा, गोडसर. तीव्रता ५ पैकी ३. वारा ईशान्येकडून, अगदी मंद, गच्चीवरची कापडी पट्टी जेमतेम हलत होती. फ्लेअर (कारखान्याच्या उंच चिमणीवरची ज्योत) नेहमीपेक्षा मोठी, धूर नाही. डोळ्यांत चुरचुर, डोकं जड. डावीकडच्या दोन घरांतही वास. २:२०ला फोन केला, तक्रार क्रमांक घेतला."

वहीत रसायनाचं नाव लिहू नका. "बेन्झीनचा वास आला" असं लिहिलं की कारखान्याचा माणूस पहिल्या मिनिटात ती नोंद खोडून काढतो, कारण ते तुम्हाला नाकाने ओळखता येणं शक्य नसतं. "थिनरसारखा वास" कोणालाच खोडता येत नाही. शब्द रोजच्या वस्तूंचे असावेत आणि सगळ्या वस्तीने तेच वापरावेत. सडलेला कोबी किंवा लसूण म्हटलं की जाणकार मरकॅप्टनकडे, म्हणजे गंधकाच्या उग्र वासाच्या संयुगांकडे, बघतो. व्हिनेगर म्हटलं की ॲसेटिक आम्ल, जे टेरेफ्थॅलिक आम्ल बनवणाऱ्या प्लांटमध्ये द्रावक म्हणून वापरतात. गाडीच्या पत्र्याला लावायच्या पुट्टीचा वास स्टायरीनचाच असतो. दवाखान्यातल्या जुन्या जंतुनाशकासारखा वास फिनॉलकडे बोट दाखवतो. हे जुळवण्याचं काम जाणकारांवर सोडा, वर्णन तुमचं असू द्या.

तीव्रतेचा आकडा सगळ्यांनी एकाच मोजपट्टीवर द्यावा. ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे लक्ष दिलं तरच कळतो, ३ म्हणजे दुर्लक्ष करता येत नाही, ५ म्हणजे जागा सोडावी लागते. आणि ज्या दिवशी वास आला नाही त्या दिवशीही "०" लिहा. बहुतेक वह्या इथेच फसतात. फक्त वासाचे दिवस लिहिलेली वही म्हणजे तक्रारींची यादी होते, तिच्यातून किती वेळा आणि कोणत्या वाऱ्याला हे काढता येत नाही. शून्याचे दिवस असले की तिला आकडेवारीचं वजन येतं.

वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती दिशा, जिकडे जातो ती नव्हे. या एका गोंधळामुळे निम्म्या नोंदी उलट्या होतात. गच्चीवर काठीला हलक्या कापडाची किंवा प्लास्टिकची मीटर-दीड मीटर लांब पट्टी बांधा. काठी आजूबाजूच्या भिंतींपेक्षा उंच असू द्या, कारण इमारतींच्या मधे वारा गोल फिरतो. जवळच्या विमानतळाच्या दर तासाच्या हवामान नोंदी इंटरनेटवर मिळतात, त्या शेजारी लिहून ठेवल्या की आपल्या पट्टीवर कोणी शंका घेत नाही. वेग महत्त्वाचा आहे तो एका साध्या हिशेबासाठी. वारा सेकंदाला तीन मीटर असेल तर दोन किलोमीटरवरून वास यायला साधारण अकरा मिनिटं लागतात. तुमच्याकडे २:१०ला वास आला तर कारखान्याने १:५० ते २:०५च्या नोंदी बघायला हव्यात. "२:१०ला आमच्याकडे काही झालं नाही" हे उत्तर मग पुरत नाही.

दोन ठिकाणांहून एकाच वेळी नोंद झाली तर आणखी पुढे जाता येतं. नकाशावर दोन्ही घरांपासून वारा येत होता त्या दिशेला रेघ ओढा. वारा स्थिर असेल तेव्हा दोन्ही रेघा एकाच युनिटच्या आजूबाजूला जातात. वारा बदललेल्या वेगवेगळ्या रात्रींच्या दहा-बारा रेघा एका नकाशावर ओढल्या की त्या कुठे दाटतात ते दिसतं. टाक्यांचा पट्टा, सांडपाण्याचा प्लांट, टँकर भरायची जागा, जे असेल ते.

रात्री आणि पहाटेच वास जास्त का येतो, हा सगळ्यांचा प्रश्न. "रात्री कोणी बघत नाही म्हणून सोडतात," हे उत्तर लोक लगेच देतात. तसं कुठे होतही असेल, पण त्याआधी हवेचा विचार करा. निरभ्र, शांत रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिला लागलेली हवा थंड होते आणि वर गरम हवेचं झाकण बसतं. दिवसभर जे वर जाऊन विरळ होत असतं ते त्या झाकणाखाली आडवं पसरतं. गळती तेवढीच असली तरी जमिनीजवळचं प्रमाण कितीतरी वाढतं. सूर्य वर आला, जमीन तापली की झाकण मोडतं. म्हणून वहीत "आकाश निरभ्र, वारा पडलेला" हेही लिहावं. सगळ्या नोंदी शांत रात्रींच्याच असतील तर ती बहुधा रोजची, सतत चालणारी गळती आहे. भर दुपारी, जोरदार वाऱ्यातही वास आला असेल तर मोठं काहीतरी सुटलं आहे.

फ्लेअर लोकांच्या डोळ्यांत भरते, पण तिची भीती बरेचदा चुकीच्या जागी असते. फ्लेअर म्हणजे सुरक्षेची वाट. एखादं युनिट ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं, कंप्रेसर बंद पडला किंवा वीज गेली की आतला दाब कुठेतरी जायला हवा. तो वायू एका ड्रममध्ये येतो, तिथे द्रव खाली राहतो, पुढे पाण्याच्या सीलमधून वायू वर चढतो आणि टोकावर कायम पेटलेल्या पायलट ज्योतींवर जळतो. मोठी ज्वाळा दिसली म्हणजे व्यवस्था काम करते आहे. २३ मार्च २००५ला टेक्सास सिटीच्या रिफायनरीत १५ माणसं गेली, तिथे उंच भरलेल्या टॉवरमधून उसळलेला द्रव फ्लेअरला न जाता उघड्या चिमणीतून बाहेर पडला होता.

पण फ्लेअर नीट जळते का, हे रस्त्यावरून बऱ्यापैकी कळतं. काळा धूर म्हणजे ज्योतीत हवा कमी मिसळते. हवा ओढून घेण्यासाठी टोकाला वाफ सोडतात, ती कमी पडली की काजळी होते. अमेरिकेच्या नियमांत लागोपाठच्या दोन तासांत पाच मिनिटांहून जास्त धूर दिसता कामा नये. दुसरी चूक धोकादायक आहे आणि ती दिसायला छान असते. ऑपरेटरने धूर घालवायला वाफ वाढवत नेली की ज्योत फिकट, जवळजवळ पारदर्शक होते आणि वर पांढरी वाफ दिसते. लोकांना वाटतं सुधारलं. प्रत्यक्षात ज्योत थंड पडलेली असते आणि न जळलेला वायू तसाच निघून जातो. नीट चाललेली फ्लेअर ९८ टक्के वायू नष्ट करते असं धरतात. वाफ अति झाली की तो आकडा घसरतो आणि कागदावर मात्र ९८च राहतो. ज्योत टोकापासून सुटून वर तरंगताना दिसली किंवा गुरगुर एकदम वाढली तर तेही लिहा. मोबाइलवर एक मिनिटाचं चित्रीकरण करा, पण ते एकाच ठरलेल्या जागेवरून, चौकटीत एखादी ओळखीची इमारत किंवा खांब येईल असं. म्हणजे ज्योतीची उंची दोन दिवसांत ताडून बघता येते.

शटडाऊन आणि स्टार्टअपच्या दिवसांत फ्लेअर जास्त चालते, ते टळत नाही. ते दिवस आधी कळवण्यात मात्र कारखान्याला काहीच अडचण नसते. तारखा मागा.

खरा मुद्दा असतो ज्या गळत्यांना ज्वाळा नसते त्यांचा. एका क्रॅकर कॉम्प्लेक्समध्ये, म्हणजे नाफ्था किंवा वायू तापवून त्यांचे रेणू तोडणाऱ्या कारखान्यात, हजारो व्हॉल्व्ह, फ्लँज (पाइपांचे जोड) आणि पंपांची सील असतात. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग झिजतं, गॅस्केट तापून-निवून ढिलं पडतं. एकेक गळती नगण्य, पण ती वर्षभर, दिवसरात्र चालते. म्हणून प्रत्येक जोडाला क्रमांक देऊन ठरावीक काळाने गॅस तपासणीची नळी लावून बघायची पद्धत आहे. बऱ्याच नियमांत व्हॉल्व्हपाशी ५०० पीपीएमच्या वर वाचन गेलं की ती गळती धरतात. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात हाच वायू धुरासारखा लहरताना दिसतो. इथे विचारायचा प्रश्न "तुम्ही तपासणी करता का" हा नाही, त्याला सगळे हो म्हणतात. विचारा की यादीत एकूण जोड किती, मागच्या फेरीत गळके किती सापडले आणि "पुढच्या शटडाऊनपर्यंत दुरुस्ती लांबणीवर" या रकान्यात किती आहेत. तो शेवटचा आकडा फेरीगणिक वाढत असेल तर देखभाल मागे पडते आहे.

टाक्या हे दुसरं ठिकाण. फ्लोटिंग रूफच्या टाकीत छप्पर द्रवावर तरंगतं आणि कडेला रबरी सील असतं. सील फाटलं की तिथून वाफ सुटते, उन्हात जास्त. जोराच्या पावसात छपरावरचं पाणी उतरवणारी नळी तुंबली तर छप्पर कलतं किंवा बुडतं आणि सगळा द्रव उघडा पडतो. २०१७च्या हार्वे वादळात ह्यूस्टन परिसरात अशी बरीच छपरं बुडाली. अतिवृष्टीनंतरच्या दोन-तीन दिवसांत पेट्रोलसारखा वास वाढला तर हे कारण आधी विचारा. तिसरं ठिकाण सांडपाण्याचा प्लांट, जिथे तेल वेगळं करायच्या उघड्या हौदांतून वाफा निघतात. चौथं, टँकर भरण्याची जागा. टँकरमध्ये द्रव चढतो तसा आतली वाफ बाहेर ढकलली जाते, ती परत ओढून घेणारी नळी जोडली नसेल तर ती हवेत जाते. रोज ठरावीक वेळेला येणारा वास बहुधा इथला असतो.

आणखी एक प्रश्न बैठकीत जरूर विचारावा असा आहे. टेक्सासमधल्या पोर्ट नेचेसला २७ नोव्हेंबर २०१९ला ब्युटाडाईन प्लांटमध्ये स्फोट झाला आणि पन्नास हजारांहून जास्त लोकांना घरं सोडायला सांगावं लागलं. एक पंप बंद होता, त्याच्या पाइपात प्रवाह थांबला होता आणि साचलेल्या ब्युटाडाईनचा लाह्यांसारखा फुगणारा पॉलिमर होऊन पाइप फुटला. अशा मृत टोकांना प्लांटमध्ये डेड लेग म्हणतात. ब्युटाडाईन हाताळणाऱ्या शेजाऱ्याला विचारा, डेड लेगची यादी आहे का आणि ती कोण, किती दिवसांनी तपासतं. उत्तर देणाऱ्याला विचार करावा लागला तर तेही वहीत लिहा.

आता मोजमाप. बाजारात मिळणारी घरगुती हवा-मापक यंत्रं या कामाला जवळजवळ निरुपयोगी आहेत, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. धूलिकण मोजणारं यंत्र वायू बघतच नाही आणि दमट हवेत धूळही जास्त दाखवतं. "एकूण व्हीओसी" (हवेत उडून जाणारी सेंद्रिय रसायनं) दाखवणारं स्वस्त यंत्र फोडणी, अत्तर आणि सॅनिटायझर यांनाही तसाच आकडा देतं. हातात धरायचं पीआयडी यंत्र, जे अतिनील दिव्याच्या प्रकाशाने वाफा ओळखतं, त्यापेक्षा खूप चांगलं. पण १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दिव्याला मिथेन, इथेन, प्रोपेन दिसत नाहीत, ते कोणतं रसायन आहे ते सांगत नाही आणि फार दमट हवेत भरवशाचं राहत नाही. गळती कुठे आहे हे हुंगायला ते चालतं. मर्यादा ओलांडली हे सिद्ध करायला नाही.

सिद्ध करायला प्रयोगशाळेचा नमुना लागतो. १९९५च्या सुमारास कॅलिफोर्नियात बादलीची पद्धत निघाली. बादलीच्या आत टेडलर या खास प्लास्टिकची पिशवी, बादलीतली हवा पंपाने उपसायची, म्हणजे पिशवी बाहेरची हवा आपोआप ओढून घेते आणि नमुना पंपातून जात नाही. लुईझियानातल्या नॉर्कोमध्ये डायमंड नावाच्या वस्तीने हीच बादली वापरली. तिथल्या मार्गी रिचर्ड यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यानंतर २००२मध्ये शेल कंपनीने लोकांना दुसरीकडे जायला पैसे देण्याचं मान्य केलं. पिशवीतला नमुना लवकर बिघडतो. तीन दिवसांच्या आत आणि गंधकाची संयुगं शोधायची असतील तर एका दिवसात तपासणी व्हायला हवी.

त्याहून पक्का मार्ग सहा लिटरच्या निर्वात स्टीलच्या डब्याचा. प्रयोगशाळा तो डबा निर्वात करून देते, वास आला की व्हॉल्व्ह उघडायचा, मिनिटाभरात भरतो. उघडण्याआधी मापकावरचा आकडा लिहा. पाऱ्याच्या २५ इंचांपेक्षा कमी निर्वात दिसलं तर डबा आधीच गळलेला आहे, तो वापरू नका. चुका होतात त्या साध्या असतात. डबा गाडीत ठेवून वाटेत पेट्रोल भरणं, शेजारी कोणी सिगरेट ओढणं, चिठ्ठीवर मार्कर पेनाने लिहिणं. तिन्हींतून बेन्झीन, टोल्यूईन किंवा तत्सम द्रव्यं येतात आणि सगळा नमुना वाया जातो. मीटरभर उंचीवर, रहदारीच्या रस्त्यापासून दूर धरा. आणि त्याच तासात कारखान्याच्या वाऱ्यावरच्या बाजूला, म्हणजे जिथून वारा अजून कारखान्यात शिरलेला नाही तिथे, दुसरा डबा भरा. तो नसेल तर "हे तर वाहनांचं" असं म्हणायला जागा राहते.

रोजच्या, सतत चालणाऱ्या गळतीसाठी मात्र एका मिनिटाचा नमुना काही कामाचा नाही. तिथे शोषक नळ्या, म्हणजे हवेतली रसायनं हळूहळू टिपून धरणाऱ्या नळ्या, लावतात. बोटाएवढी नळी, दीड ते तीन मीटर उंचीवर, पावसापासून आडोशाला, दोन आठवडे टांगलेली. अमेरिकेने २०१५च्या नियमाने रिफायनऱ्यांना कुंपणाभोवती अशा नळ्या सक्तीच्या केल्या. दर दोन आठवड्यांच्या फेरीत सगळ्यात मोठ्या आकड्यातून सगळ्यात लहान आकडा वजा करायचा, म्हणजे शहरातून आलेलं बेन्झीन वगळलं जातं, आणि या फरकाची वार्षिक सरासरी घनमीटरला ९ मायक्रोग्रॅमच्या वर गेली की कंपनीने कारण शोधून दुरुस्ती करायची. ही वजाबाकी मला फार पटते, कारण ती वाहनांच्या सबबीला आधीच उत्तर देते.

अहवाल हातात आला की एकक बघा. पीपीबीतून मायक्रोग्रॅममध्ये जायला पीपीबीला रेणूभाराने गुणायचं आणि २४.४५ने भागायचं. बेन्झीनचा रेणूभार ७८, म्हणून १ पीपीबी म्हणजे सुमारे ३.२ मायक्रोग्रॅम. मग सरासरीचा काळ बघा. एक तास १०० मायक्रोग्रॅम आणि उरलेले तेवीस तास १ असेल तर दिवसाची सरासरी ५.१ येते. कागदावर "सुमारे ५" एवढंच दिसतं, त्या तासाचा मागमूस राहत नाही. तासागणिक आकडे मागा आणि ते वहीतल्या वेळांशेजारी ठेवा. वहीचा खरा उपयोग इथे होतो.

पाण्याचं थोडक्यात. विहिरीवर किंवा डबक्यावर चमकदार तवंग दिसला तर काडीने हलवा. तुकडे पडून काचेसारखे वेगळे राहिले तर तो लोहाच्या जिवाणूंचा थर, निरुपद्रवी. फाटून पुन्हा एकत्र वाहत आला तर तेल. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घेतलात तर व्यर्थ, उडून जाणारी द्रव्यं तिथून निसटतात. ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या प्रयोगशाळेतूनच आणा, त्यात आम्लाचे थेंब असतात, म्हणून त्या ओसंडू न देता हळू, पाण्याला कडेवर फुगवटा येईपर्यंत भरा, झाकण लावून उलट्या करा. आत बुडबुडा दिसला तर ती टाका आणि नवी घ्या, कारण द्रव्य बुडबुड्यात जातं. बोअर आधी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, पाइपात साचलेलं पाणी नको. बर्फात ठेवून चौदा दिवसांच्या आत तपासा. पिण्याच्या पाण्यात बेन्झीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, अमेरिकेची मर्यादा ५. पाणी उकळून हे दूषण संपत नाही, ते स्वयंपाकघराच्या हवेत येतं.

टेक्सासमध्ये डायन विल्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी फॉर्मोसा प्लास्टिक्स कंपनीच्या कारखान्यातून पाण्यात गेलेले प्लास्टिकचे दाणे किनाऱ्यावरून पिशव्यांत भरून, तारीख आणि फोटोसह दोन हजारांहून जास्त नमुने जमवले होते. त्या नमुन्यांवर उभ्या राहिलेल्या खटल्यात २०१९मध्ये कंपनीला ५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. नमुने गोळा करणारी माणसं तज्ज्ञ नव्हती. त्यांनी तारीख चुकवली नाही.

तब्येतीच्या नोंदीही वासाच्या वहीतच ठेवा, पण वेगळ्या रकान्यात. दमेकरी असेल तर पीक फ्लो मीटरवर, म्हणजे फुंकेचा जोर मोजणाऱ्या साध्या उपकरणावर, सकाळ-संध्याकाळ तीन फुंका मारून सगळ्यात मोठा आकडा लिहा, दोन-तीन महिन्यांत वासाच्या दिवसांशी मेळ बसतो की नाही ते दिसतं. बेन्झीनसाठी साधी रक्ततपासणी फारसं सांगत नाही, पेशी कमी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. बेन्झीनपासून शरीरात तयार होणाऱ्या, लघवीतल्या फिनाइल मरकॅप्ट्युरिक आम्लाची तपासणी अधिक नेमकी आहे. पण ते काही तासांत शरीरातून जातं, म्हणून नमुना त्याच दिवशी हवा, आणि धूम्रपान करणाऱ्याचा आकडा मुळातच जास्त येतो.

उरला अपघात. इथे आधीच ठरवलेलं नसेल तर त्या क्षणी काही सुचत नाही. २-३ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळमध्ये सायरन थोडा वेळ वाजून बंद झाला, काय करायचं हे कोणाला माहीत नव्हतं आणि लोक हवेपेक्षा जड वायूच्या ढगातून पळत राहिले. म्हणून कारखान्याला आजच विचारा: कोणता भोंगा कशाचा, सरावाचा कोणता, संपल्याचा कोणता, आणि वीज गेली तर तो वाजतो का.

भोंगा वाजला आणि बाहेर पडायचा आदेश नसेल तर घरात राहणं बहुधा चांगलं. दारं-खिडक्या बंद, एसी, कूलर आणि एक्झॉस्ट फॅन बंद. कमीत कमी खिडक्यांची आतली खोली, शक्यतो वरचा मजला, कारण क्लोरीन, प्रोपेन, हायड्रोजन सल्फाइड हे जड वायू खाली साचतात. दाराच्या फटीला ओला टॉवेल, बाकी फटींना चिकटपट्टी. माणशी साधारण एक चौरस मीटर जागा असेल तर बंद खोलीतली हवा पाच तासांपर्यंत पुरते. ओलं फडकं नाकाला धरल्याने अमोनिया किंवा हायड्रोजन क्लोराइडसारखे पाण्यात विरघळणारे वायू काही प्रमाणात अडतात, हायड्रोकार्बनच्या वाफा अडत नाहीत. धुळीचा मास्क कोणताही वायू अडवत नाही. बाहेरच असाल तर वाऱ्याबरोबर पळू नका आणि ढगातून वाऱ्याच्या उलटही नको, वाऱ्याला आडवं चाला.

मोठा लखलखाट दिसला तर खिडकीकडे जाऊ नका. माणूस नेमकं तेच करतो. प्रकाश लगेच पोचतो, धक्का मागून येतो, दोन किलोमीटरला साधारण सहा सेकंदांनी, आणि तोवर चेहरा काचेला लागलेला असतो. १ जून १९७४ला इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोला सायक्लोहेक्सेनचा ढग पेटला. कारखान्यात २८ माणसं गेली आणि बाहेर १,८२१ घरांचं नुकसान झालं. लखलखाट दिसला की जमिनीवर, भिंतीच्या आड, डोकं झाकून. पलंग खिडकीला लागून असेल तर आजच हलवा, आणि काचेला आतून फिल्म लावली तर तुकडे उडत नाहीत.

आग विझली म्हणून लगेच सगळं आवरू नका. ह्यूस्टनजवळच्या डीअर पार्कला मार्च २०१९मध्ये टाक्यांची आग विझल्यानंतर दुसऱ्या दिवशी हवेतलं बेन्झीन वाढलं आणि लोकांना पुन्हा घरात थांबायला सांगावं लागलं. संपल्याचा भोंगा झाला की मात्र लगेच सगळ्या खिडक्या, दारं उघडा, पंखे लावा आणि घराबाहेर या. बाहेरची हवा तोवर साफ झालेली असते आणि फटींतून शिरलेला वायू आता घरातच अडकलेला असतो. खिडक्या किती वाजता बंद केल्या आणि किती वाजता उघडल्या, हे लगेच वहीत लिहून ठेवा.